आवारातलं झाड तोडायचंय? अर्जापासून अनामत परत मिळेपर्यंत

'जागा आपली, झाड आपण लावलेलं, मग परवानगी कसली?' सोसायटीच्या सभेत झाडाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. महाराष्ट्रात महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल, तर परवानगी लागते. झाड बंगल्याच्या मागच्या परसात असलं, आजोबांनी लावलेलं असलं, त्याचे आंबे तुम्हीच खात असलात, तरीही लागते. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' या कायद्यात जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडायला मनाई आहे. मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर नावाची एक ओळ असते, ती याच कायद्यातून आलेली.

आमच्या सोसायटीत एक वाळलेला रेनट्री आणि एक कललेला गुलमोहर होता. सचिव म्हणून दोन्हींची फाइल मीच फिरवली. त्या फिरण्यातून एक गोष्ट पक्की कळली. कागद कमी पडले तर ते नंतर देता येतात, पण अर्जातल्या 'कारण' या रकान्यात चुकीचं लिहिलं तर फाइल तिथेच बसते. म्हणून खाली कागदपत्रांपेक्षा त्या रकान्याबद्दल जास्त लिहिलंय.

१. आधी हद्द बघा

महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर १९७५चा कायदा लागू होतो आणि अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने उद्यान विभागात जातो. मोठ्या शहरांत हे काम वॉर्ड ऑफिस किंवा क्षेत्रीय कार्यालयातून सुरू होतं. अंतिम निर्णय घेणाऱ्या समितीला वृक्ष प्राधिकरण म्हणतात. महापालिकेत तिचे अध्यक्ष आयुक्त असतात.

ग्रामपंचायत हद्दीत, शेताच्या बांधावर झाड असेल तर कायदा वेगळा: १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्यात ठरावीक जातींची अनुसूची आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, अंजन वगैरे त्यात येतात. या झाडांसाठी वन विभागाचं दार ठोठवावं लागतं. गाव नुकतंच महापालिकेत सामील झालं असेल तर 'पूर्वी तर तलाठ्याकडे विचारायचो' म्हणत बसू नका. आधी नव्या हद्दीत नियम कुठला ते विचारून घ्या.

कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यांनी बोर्डाच्या कार्यालयात चौकशी करावी. आणि खाडीकाठच्या प्लॉटवर कांदळवन असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. जमीन खाजगी असली तरी कांदळवन या मार्गाने तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे त्याबाबतचे आदेश फार कडक आहेत.

२. 'तोडणं' म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

कायद्यातली व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच रुंद आहे. जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे झाडाला इजा पोचवणं हे सगळं 'तोडणं' या शब्दात येतं. म्हणजे बुंध्याची साल गोलाकार सोलणं, खोडाला भोक पाडून हिंग भरणं, मुळाशी अ‍ॅसिड ओतणं, एका बाजूची मुळं खणून झाड 'आपोआप' पडेल अशी व्यवस्था करणं, हे सगळे चतुर उपाय गुन्हाच आहेत. पार्किंगचं काँक्रीट बुंध्याला भिडवून झाड हळूहळू मारण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ते काम करणाऱ्याला आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही.

झाडाच्या व्याख्येत रोपट्याच्या अवस्थेतलं झाडही येतं. इमारतीच्या भेगेत उगवलेला पिंपळ हा त्यामुळे नेहमीचा पेच. तो काढावा लागतोच, नाहीतर भिंत फाडतो. पण काढण्याआधी फोटो काढून उद्यान विभागाला लेखी कळवा आणि पोच घेऊन ठेवा.

विनापरवाना तोडीसाठी २०२१च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पाच झाडं तोडली तर हिशेब पाच झाडांचा. दंड ठेकेदार भरेल असं समजू नका, जबाबदारी मालकाकडेही येते.

३. खरंच तोडायचंय का?

हा प्रश्न भावनेपोटी विचारत नाही, वेळ वाचावा म्हणून विचारतोय. सोसायट्यांच्या बहुतेक तक्रारी छाटणीने मिटतात: फांदी खिडकीत आली, गच्चीवर पाला साचतो, वायर घासतेय, दिव्याचा उजेड अडतो. छाटणीलाही परवानगी लागते, पण ती प्रक्रिया बरीच सुटसुटीत असते. पूर्ण तोडीचा अर्ज केला आणि अधिकाऱ्याने पाहणीत 'फांद्या उतरवल्या तरी पुरे' असं लिहिलं, तर मधले दोन महिने वाया जातात.

छाटणीतही एक सावधगिरी हवी. 'सगळंच उतरवा, पुन्हा फुटेल' म्हणत खांबासारखं बोडकं केलेलं झाड बहुतेकदा आतून कुजायला लागतं. नवे फुटवे कच्चे असतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तेच मोडून पडतात. छाटणी संतुलित हवी. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाड दुसऱ्या बाजूला कलतं. आमच्या गुलमोहराचं असंच झालं होतं. रस्त्याच्या बाजूने वर्षानुवर्षं छाटणी आणि इमारतीच्या बाजूला सगळा भार.

पुनर्रोपणाचा पर्यायही पुढे येईल. लहान, तरणं झाड पुरेशा मुळांसकट आणि मातीच्या गोळ्यासकट हलवलं तर जगण्याची आशा असते. जुनं, मोठ्या घेराचं झाड क्रेनने उचलून दुसरीकडे रोवलं की फोटो छान येतात, पण नंतर ते वाळताना पाहायला कुणी थांबत नाही. वड-पिंपळासारखी जात त्यातल्या त्यात चिवट. बाकीच्यांबद्दल मला फारसा भरवसा नाही.

४. झाडाची माहिती गोळा करा

अर्ज लिहिण्याआधी टेप आणि मोबाइल घेऊन झाडाखाली जा. प्रत्येक झाडाची ही माहिती वहीत उतरवा:

- झाडाचं स्थानिक नाव. खात्री नसेल तर पान, फूल आणि सालीचा फोटो ठेवा, अंदाजाने नाव ठोकू नका.
- जमिनीपासून साधारण १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीशी, खोडाचा घेर.
- अंदाजे उंची आणि वय. वयासाठी जुने रहिवासी, इमारतीचं साल, जुने फोटो उपयोगी पडतात.
- खोडावर वृक्षगणनेचा क्रमांक असेल तर तो.
- भिंत, इमारत, वीजवाहिनी आणि रस्ता यांच्यापासूनचं अंतर.
- फोटो: पूर्ण झाड, बुंधा, आणि जिथे दोष आहे ती जागा जवळून.

यातलं वय फार महत्त्वाचं आहे, आणि लोक तोच रकाना 'माहीत नाही' म्हणून सोडतात. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१च्या दुरुस्तीनुसार 'हेरिटेज' ठरतं आणि त्याची तपासणी जास्त काटेकोर होते. दुसरं, बदल्यात किती झाडं लावायची हे तोडलेल्या झाडाच्या वयावर ठरतं. ३० वर्षांचा गुलमोहर गेला तर ३० झाडं. वय मुद्दाम कमी सांगण्याचा मोह इथेच होतो. टाळा. पाहणीला येणाऱ्या माणसाने आयुष्यभर झाडंच पाहिलेली असतात, घेर बघूनच त्याला अंदाज येतो, आणि एक आकडा खोटा निघाला की पुढच्या सगळ्या कागदांकडे संशयाने बघितलं जातं.

५. 'कारण' लिहिताना

कायद्याला काही कारणं ओळखीची आहेत. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असणं. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असणं. रहदारीला अडथळा होणं. आग, वीज, पाऊस अशा नैसर्गिक कारणांनी झाडाचं मोठं नुकसान झालेलं असणं. प्राधिकरणाची यांपैकी एखाद्या कारणाबद्दल खात्री पटली तर सहसा नकार येत नाही.

आता लोक काय लिहितात ते बघा. 'पाला पडतो.' 'पक्षी गाड्या घाण करतात.' 'वास्तुदोष आहे.' 'पार्किंगला जागा पुरत नाही.' 'अंधार होतो, डास होतात.' ही तुमची गैरसोय झाली. ती खरी असेलही, पण त्यातून झाडाची अवस्था कळत नाही. अर्ज झाडाबद्दल लिहायचा असतो.

'झाड धोकादायक आहे' एवढंही पुरत नाही. धोका दिसेल असं लिहा. बुंध्याशी भूछत्रं उगवली आहेत का? तशी असतील तर आतून कूज लागल्याची ती मोठी खूण. खोडात ढोली आहे का, ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येतो का? वाळवी चढलीय का? कलण्याच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडून माती उचलली गेलीय का? गेल्या वर्षात मोठी फांदी पडली का, कुठल्या तारखेला, तिचा फोटो आहे का? रेनट्री असेल तर फांद्यांवर पिठ्या ढेकणाचा पांढरा थर दिसतो का? या किडीने मुंबईतले कितीतरी रेनट्री उभेच्या उभे वाळले.

मी लिहिलं ते साधारण असं होतं: 'सदर गुलमोहर इमारतीच्या दिशेने कलला असून बुंध्यालगत पश्चिमेकडील माती उचलली गेली आहे. बुंध्यावर भूछत्रे आहेत. झाडाखालून मुलांचा शाळेच्या बसकडे जाण्याचा रस्ता आहे. फोटो क्र. ३ ते ६ पाहावेत.' चारच वाक्यं. यात विशेषणं नाहीत, 'जीव मुठीत धरून जगत आहोत' वगैरेही नाही.

भिंतीला तडा गेलाय आणि तो मुळांमुळेच गेलाय असा दावा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र जोडा. तडे पावसाच्या गळतीनेही जातात, आणि पाहणीला आलेला अधिकारी पहिली शंका तीच काढतो.

बांधकामासाठी किंवा पुनर्विकासासाठी झाडं काढायची असतील तर ते प्रकरण वेगळं. त्यात नकाशा, कुठलं झाड राहणार, कुठलं हलणार, कुठलं तुटणार याचा तक्ता लागतो आणि हे काम आर्किटेक्टमार्फत होतं. रहिवाशांनी एवढं मात्र करावं: विकासकाने दिलेल्या तक्त्यातली झाडं स्वतः आवारात फिरून मोजावीत.

६. कागदपत्रं

महापालिकेगणिक यादी थोडी बदलते, पण हे जवळपास सगळीकडे मागतात:

- विहित नमुन्यातला अर्ज (अनेक महापालिकांत ऑनलाइनही)
- मालकीचा पुरावा: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा
- मालमत्ता कर भरल्याची ताजी पावती
- सोसायटी असेल तर सभेचा ठराव आणि नोंदणी प्रमाणपत्र
- झाडांच्या जागा दाखवणारा नकाशा. हाताने काढलेलाही चालतो, फक्त झाडांना क्रमांक द्या आणि फोटोंवर तेच क्रमांक टाका.
- फोटो
- अर्ज शुल्काची पावती

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, मालमत्ता पत्रकावर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असतं, कारण अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलंच नाही. अशा वेळी नोंदणी प्रमाणपत्र, कराची पावती आणि ठराव एकत्र जोडून आधीच टेबलवर विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या टप्प्यावर हरकत निघते. दुसरं, झाड कुंपणाच्या रेषेवर असतं. बुंधा नेमका कुणाच्या हद्दीत यावरून वाद होण्यापेक्षा शेजाऱ्याचं संमतीपत्र घ्या. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्याकडे आलीय म्हणून तीही परस्पर कापू नका.

ठराव शक्यतो सर्वसाधारण सभेचा घ्या. फक्त कार्यकारिणीचा असेल तर पुढे कुणीतरी सभासदच हरकत घेतो, आणि त्याचं म्हणणं चूक नसतं.

७. अर्ज, पोच, पाहणी

अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या, प्रतीवर शिक्का घ्या. ऑनलाइन भरला असेल तर क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. यानंतर वृक्ष अधिकारी किंवा उद्यान निरीक्षक पाहणीला येतात. त्या वेळी आवारात कुणीतरी हजर असलंच पाहिजे. वॉचमनने 'साहेब नाहीत' म्हणून गेटवरून परत पाठवलेल्या पाहणीची पुढची तारीख कधी येईल, याचा नेम नाही.

पाहणीत वाद घालू नका, दाखवा. भूछत्रं कुठे आहेत, माती कुठे उचललीय, फांदी कुठे पडली. आणि त्यांनाच विचारा, 'छाटून भागेल का?' आमच्या गुलमोहराच्या बाबतीत या एका प्रश्नाने अर्धा तास मोकळेपणाने बोलणं झालं.

पाहणी, जाहिरात, हरकती आणि प्राधिकरणाची बैठक हे सगळं धरून किमान दोन महिने हाताशी ठेवा. मे महिन्यात जाग येते तेव्हा सगळ्या शहराला एकदमच जाग आलेली असते आणि उद्यान विभाग पावसाळापूर्व छाटणीत बुडालेला असतो. दिवाळीनंतर अर्ज टाकलात तर पावसाच्या आत काम होतं. शिवाय पावसाळ्यात झाडावर बगळे-वंचकांची वीण असू शकते. घरट्यांत अंडी-पिल्लं असताना झाडाला हात लावलात तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

खूप उशीर झाला आणि कुणी काही सांगत नसेल तर लेखी स्मरणपत्र द्या. त्यानंतरही शांतताच असेल तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली फाइल कुठल्या टेबलवर आहे ते विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण 'मुदत उलटली, म्हणजे परवानगी मिळालीच' असा अर्थ काढून कुऱ्हाड लावू नका. हातात कागद नसेल तर झाड उभं राहू द्या.

८. झाडावरची नोटीस आणि हरकती

झाडावर दर्शनी भागी नोटीस लावतात आणि वर्तमानपत्रात जाहिरात देतात. ती नोटीस फाडू नका, पावसाने गळून पडली तर कळवा आणि फोटो काढून ठेवा. नोटीस लावलीच नव्हती, असा आक्षेप पुढे आला तर फोटोच कामी येतो.

हरकत कुणीही घेऊ शकतं: शेजारी, पर्यावरण कार्यकर्ते, तुमच्याच इमारतीतल्या आजी. त्यांना शत्रू समजू नका. कितीतरी झाडं अशा हरकतींनी वाचलीत आणि वाचायलाच हवी होती. सुनावणीला बोलावलं तर फोटोंसकट जा. आमच्याकडे हरकत घेणाऱ्या बाई स्वतः येऊन रेनट्रीचं वाळलेलं खोड बघून गेल्या आणि त्यांनी तेवढ्यापुरती हरकत मागे घेतली. गुलमोहराबद्दल मात्र ठाम राहिल्या, आणि शेवटी त्याची छाटणीच मंजूर झाली. तो अजून उभा आहे, सध्या तरी सरळ.

९. परवानगीपत्र हातात आल्यावर

ते पूर्ण वाचा, अटींचं पानसुद्धा. मिळाल्या दिवशी करवत लावायची नाही. परवानगीनंतर १५ दिवस थांबायची तरतूद आहे, कारण त्या काळातही हरकत येऊ शकते. परवानगी किती काळ वैध आहे, झाडं किती लावायची, कुठे, कुठल्या मुदतीत, अनामत (ही झाडं लावाल याची हमी म्हणून ठेवायची रक्कम) किती, हे त्यातच लिहिलेलं असतं.

ठेकेदार निवडताना 'परवानगीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्याला पहिल्यांदा बाद करा. कामाच्या दिवशी:

- परवानगीपत्राची प्रत गेटवर ठेवा. कुणीतरी पोलिसांना किंवा महापालिकेला फोन करणारच, आणि करावाही.
- मंजूर झाडावर रंगाने खूण करा. एका झाडाच्या परवानगीत शेजारचं दुसरंही उतरवणं हा जुना प्रकार आहे.
- वीजवाहिनी जवळ असेल तर वीज कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद करून घ्या. अंदाजावर काम करू नका.
- मजुरांना दोर, पट्टा, हेल्मेट आहे का बघा आणि त्यांचा विमा आहे का विचारा.
- लाकूड बाहेर न्यायचं असेल तर त्या जातीला वाहतूक पास लागतो का, हे वन विभागाकडून आधी विचारून घ्या. ट्रक नाक्यावर अडल्यावर विचारून उपयोग नाही.

झाड अचानक उन्मळून पडलं किंवा पडायच्या बेतात असेल तर एवढी वाट बघायची नसते. अग्निशमन दलाचा १०१, मुंबईत महापालिकेचा १९१६, तार तुटली असेल तर वीज कंपनीचा १९१२. फोटो मात्र झाड हलवण्याआधी काढा.

१०. बदल्यातली झाडं आणि अनामत

काम झालं की बहुतेक सोसायट्या फाइल कपाटात टाकतात. खरं काम इथून पुढचं आहे. बदल्यात लावायची रोपं ६ ते ८ फूट उंचीची असावी लागतात, त्यांचं जिओटॅगिंग (प्रत्येक रोपाच्या नेमक्या जागेची डिजिटल नोंद) करावं लागतं आणि ७ वर्षं जपावी लागतात. बोटभर रोपं खड्ड्यात खोचून फोटो काढला की झालं, हा काळ गेला. आवारात तेवढी जागा नसेल तर ते अर्जातच सांगा. दुसरी जागा सुचवली जाते, किंवा झाडाचं मूल्य काढून ती रक्कम भरावी लागते.

जात निवडताना बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब, बकुळ अशी इथली झाडं घ्या आणि भिंतीपासून नीट अंतर ठेवा. नाहीतर वीस वर्षांनी पुढचा सचिव हाच अर्ज भरत बसेल. पार्किंगच्या काँक्रीटमध्ये चौकोन ठेवायचा असेल तर तो निदान एक मीटर बाय एक मीटर असू द्या.

पाणी घालायचं काम ठरावात एका माणसाच्या नावाने लिहा. 'सगळे मिळून घालू' म्हटलं की उन्हाळ्यात कुणीच घालत नाही. सुरुवातीच्या दोन उन्हाळ्यांत रोपं तगली तर पुढे फारसं बघावं लागत नाही. एखादं मेलं तर लगेच दुसरं लावा आणि तारीख लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी त्याच कोनातून फोटो काढा, परवानगीपत्राचा क्रमांक टाकून उद्यान विभागात द्या आणि पोच घ्या. अनामत परत मागायच्या अर्जाला हेच फोटो आणि याच पोचा जोडायच्या असतात. मूळ पावती हरवली असेल तर रक्कम मिळायला फार त्रास होतो, म्हणून ती सोसायटीच्या लेखा फाइलमध्ये ठेवा, सचिवाच्या घरी नको.